लवणारी पापणी

रीबे, १२ नोव्हेंबर

प्रिय इंगर,

तुझ्या नवऱ्याला दफनभूमीत शेवटचा निरोप देऊन आपण कॉफीला बसलो. रीतीप्रमाणे तू त्याच्याविषयी बोलायला उभी राहिलीस आणि मी समोरून डोळा मिचकावत राहिलो. "दादा, आज तरी थट्टा आवरायची होतीस," एवढंच म्हणालीस. त्याला दोन वर्षं झाली; तेव्हापासून तू आली नाहीस.

अगं, ऐकू यावं म्हणून कानात बसवलेल्या यंत्राची वीज शेजारच्या चेहऱ्याच्या नसेलाही लागायची. आवाज चढला की पापणी आपोआप लवायची. लाजेपायी तेव्हा बोललो नाही. आता समजावायचंही त्राण नाही.

मग दवाखान्यातल्या बाईंकडून यंत्रातल्या त्रास देणाऱ्या तारा बंद करून घेतल्या. चेहरा निवला, पण बोलणं डब्यात खडे हलवल्यासारखं येऊ लागलं. फोनवरचा तुझा जुना निरोप लावला, तर तुझा आवाजच ओळखू येईना.

काल बाईंना म्हटलं, "तारा पुन्हा चालू करा."

"आजोबा, डोळा परत नाचेल हं."

"नाचू दे. सत्तरीत कोण बघतंय?"

हेही पत्र आधीच्या तिन्हींसारखं खणातच जाईल. पण कधी आलीस आणि बोलताना माझी पापणी लवली, तर रागावू नकोस. तुझा आवाज माझ्यापर्यंत पोचला, एवढंच समज.

तुझा थकलेला दादा,
आस्गर