काठचा भात

देवरी, रविवार, १२ जानेवारी, संध्याकाळ

पोरीचा वाढदिवस म्हणून आज कोहमाऱ्याच्या नव्या अरबी हॉटेलात गेलो. मंडी मागवली. मोठी परात, पिवळा भात, वर बोकडाचं मटण, सगळ्यांनी एकाच परातीत जेवायचं. परात आली तसे हे उठून उभेच राहिले. मटण सोडवून आमच्या पुढे सारू लागले.

"बाबा, तुम्ही काऊन वाढून राहिले? बसा ना," पोरगी म्हणाली.

"तुम्ही जेवा. मी मागून घेतो."

शेवटी बसले, तर काठाला उरलेला भात तेवढा खाल्ला. मटणाला हातच नाही. मी चिडून विचारलं, तर म्हणाले, "रियाधला मालकाच्या घरी अकरा वर्षं हेच वाढलं. पाहुणे उठले की काठचा भात आमचा. सवय पडली."

अकरा वर्षं! फोनवर सांगायचे, आज मंडी केली, पाहुणे होते. तुम्ही काय खाल्लं, असं मी एकदा तरी विचारलं का? उलट मोहल्लाभर सांगत फिरायची, आमचे हे तिकडं रोज मटण-भात खातात.

आता स्वयंपाकाला उठायचं आहे, पण तो काठचा भात डोळ्यांपुढून हलत नाही. इकडं वांग्याची भाजी वाढून घेताना मी यांच्यावर जळायची.