कंदीलवाले की गिरणीवाले

ता. ४ जून

श्रीमती विहीणबाईंस,

सा. न. वि. वि. पत्रास कारण तुमची लेक, म्हणजे आमची सूनबाई. परवा आपण दोघं फोनवर भांडत होतो तेव्हा फोन तिचा होता आणि पंचही तीच होती. तेवढ्यात तिकडे दूध उतू गेलं. तिने आता फर्मान काढलं आहे की रॉक बँडचा तंटा यापुढे कागदावर करायचा, फोनवर फक्त तब्येत विचारायची.

तुमचा रेकॉर्ड प्लेअर चिरंजीवांनी काल कारखान्यात आणून दिला. सगळा रस्ता मांडीवर धरून आणला. आम्ही त्याला लहानपणी इतकं जपलं नसेल. आतला रबरी पट्टा तुटला आहे, बाकी काही नाही. आज माझ्याकडे स्पीकरच्या पेट्या बनवायला वीस माणसं आहेत, पण सुरुवात मी अशी यंत्रं उघडूनच केली होती. तेव्हा हे काम दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही. मजुरी म्हणून एकच मागतो: जगातला सर्वांत थोर बँड गिरणीवाले, एवढं मान्य करा.

सूनबाईने ठेवलेली ही नावं आपल्या दोन्ही घरांत इतकी रुळली की खरी नावं आता आठवावी लागतात. कव्हरवर कंदील आहे म्हणून तुमचे कंदीलवाले, आणि गिरणीच्या गावातले चौघे म्हणून माझे गिरणीवाले. तुम्ही म्हणता, माझे चौघे जेवून उठल्यासारखे वाजवतात. अहो, तो ड्रमवाला टोला मुद्दाम केसभर उशिरा मारतो. पाहुण्याने दारात क्षणभर थांबून मग आत यावं, तसा. ती ऐट आहे, आळस नव्हे.

तुमच्या कंदीलवाल्यांच्या त्या पुलाच्या गाण्याची रेकॉर्ड माझ्याकडेही आहे. कालच इमानदारीने पुन्हा ऐकली. गोड आहे, नाही म्हणत नाही, पण लुळी. तो गाणारा पूल ओलांडतोय की कठड्याला टेकून पेंगतोय, हेच कळत नाही.

चिरंजीवांनी फोनवर सर्वकाळच्या थोर शंभर बँडची यादी दाखवली. माझे एकसष्टावे, तुमचे यादीतच नाहीत. मी म्हटलं, ही यादी करणाऱ्याला कान असतील, पण ते चष्मा अडकवायला.

लोभ आहे तेवढा राहू द्या, मत तेवढं बदला.

आपला,
व्याही


ता. ९ जून

श्री. व्याहीबुवांस,

स. न. वि. वि. चष्मा अडकवायला सुद्धा कान सरळ लागतात. आमच्या चष्म्याच्या दुकानात मी रोज दहा जणांचे बघते, म्हणून सांगते. त्या यादीबद्दल मात्र तुमचं-माझं एकमत. आपलं एकमत झालं असं लेकीला सांगितलं, तर तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

आता मुद्द्यावर येते. कंदीलवाला पेंगतो, असं म्हणणारा माणूस मी तुमच्या रूपाने पहिल्यांदाच पाहिला. अहो, तो धावतो. मागचा पूल कोसळत यावा आणि याने हसत हसत पुढे पळावं, असं आहे ते गाणं. हातात पिठाचा गोळा असला तरी माझे हात थांबतात. थोर कशाला म्हणायचं याचं माझ्याकडे एवढंच माप आहे. तुमच्या गिरणीवाल्यांचं भोंग्याचं गाणं तुमच्या त्या भारी खोलीत, तुमच्या पुरुषभर उंचीच्या पेट्यांवर मी ऐकलं, तेव्हा सगळा वेळ नीट चहा पिऊ शकले. यातच काय ते आलं.

एक गोष्ट गंमत सोडून लिहिते. तुम्ही आमच्या घरी आलात ते लग्नाच्या गडबडीत. ते यंत्र वाजताना तुम्ही कधी ऐकलेलं नाही. आमचे हे त्यांचं औषधांचं दुकान बंद करून आले की हात धुवायचे, कपाटातून माउथ ऑर्गन काढायचे आणि पुलाच्या गाण्याबरोबर वाजवायचे. आयुष्यात एकच माउथ ऑर्गन घेतला, त्यावर इंग्रजी सी कोरलेला. आणखी घ्या म्हटलं की म्हणायचे, तोंड एकच आहे. ते गेल्यापासून मी संध्याकाळी ते एकच गाणं लावते. तेवढा वेळ घरात कुणीतरी असतं. गेले पंधरा दिवस तेही नाही.

तेव्हा यंत्र होतं तसं परत द्या. सुधारणा नकोत, नवं काही बसवू नका. तुमचा हात सुधारणेला शिवशिवतो, हे मला जावयाने सांगितलं आहे.

कळावे, माया आटू देऊ नये.

आपली,
विहीण


ता. १५ जून

श्रीमती विहीणबाईंस,

सा. न. वि. वि. चिरंजीव यंत्र घेऊन येत आहेत, सोबत ही चिठ्ठी. पट्टा नवा घातला, तेल दिलं, आतली धूळ काढली. मोटरच्या दांड्यावर कुणीतरी जखमेवर लावायची चिकटपट्टी गुंडाळली होती. जुना पट्टा घसरत असेल म्हणून केलेली मलमपट्टी दिसते. ती सोलून टाकली. याला सुधारणा म्हणू नका, ही झाडलोट. माझ्या दारातून वाकडं यंत्र आजवर बाहेर गेलेलं नाही. वेग मोजून पाहिला, तंतोतंत आहे.

तुमच्या संध्याकाळी तुम्हाला परत मिळोत. कंदीलवाले थोर नाहीत, पण तुम्हाला ऐकू येवोत.

आपला,
व्याही


ता. २० जून

व्याहीबुवांस,

नमस्कार. आज मायना एवढाच.

तुम्ही माझ्या गाण्याला काय केलंत? ते आजारी पडलं आहे. गाणारा पाय ओढत चालतो, गिटार पाण्यात भिजल्यासारखी. पहिल्या संध्याकाळी वाटलं, मोटर गार असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. जावयाला विचारलं तर म्हणाला, बाबांनी केलं म्हणजे बरोबरच असणार. लेक म्हणाली, आई, कानांनाही वय होतं. तिने फोनवर तेच गाणं लावून दाखवलं, तर तेही तसंच आजारी. आता मला वेड लागायचं बाकी आहे.

मनात एक वाईट विचार आला, तो लपवत नाही. तुम्ही म्हणाला होतात, तो पेंगतो. आणि तुमच्या कारखान्यातून परत आल्यावर तो पेंगायला लागला. वाद जिंकण्यासाठी तुम्ही असं कराल असं वाटत नाही, पण वाटलं होतं, हे खरं.

तुम्हाला म्हणून सांगते, लेकीला माहीत नाही. गेल्या वर्षापासून मी तो माउथ ऑर्गन वाजवायला शिकते आहे. कुणाकडे नाही, त्या गाण्याकडेच. पहिलं कडवं जमत आलं होतं. एवढं वय झाल्यावर ओठ सोलवटून घेतले, ते काही हौस म्हणून नाही. मी फुंकत असते तेव्हा मला यांची जागा सापडते. आता एकही सूर त्या गाण्याला चिकटत नाही. मी वर आणि ते खाली, दोन अनोळखी माणसं एका बाकावर बसावीत तसं.

वादात तुम्ही जिंकलात असं लिहून देते. माझं यंत्र मला होतं तसं द्या.

विहीण


ता. २४ जून

श्रीमती विहीणबाईंस,

सा. न. वि. वि. तुमचं पत्र जेवायच्या आधी आलं, त्यामुळे जेवण राहिलं. कारखान्यात जाऊन तुमच्या पुलाच्या गाण्याची माझी रेकॉर्ड लावली आणि आमच्या सुताराच्या मुलीचा माउथ ऑर्गन मागून आणला. त्यावरही सी कोरलेला आहे, म्हणजे सूर तेच. दोन फुंका मारल्या आणि सगळं कळलं.

तुमचे कान ठणठणीत आहेत. लेकीला तसं सांगा, वाटल्यास हे पत्र दाखवा.

खऱ्या वेगाने वाजवलं तर ते गाणं तुमच्या माउथ ऑर्गनच्या अर्धा सूर खाली बसतं. दुसऱ्या वाद्याची तार पिळून सूर वर-खाली करता येतो. माउथ ऑर्गनमध्ये जे सूर घातले तेच, त्याला कितीही मनवा. आमच्या व्याह्यांपुढे, म्हणजे तुमच्या यजमानांपुढे, दोन वाटा होत्या: दुसरा माउथ ऑर्गन घ्यायचा, किंवा कंदीलवाल्यांनाच अर्धा सूर वर बोलवायचं. दांडा जाड केला की तबकडी जोरात फिरते आणि गाणं वर चढतं. त्यांनी दुकानातली चिकटपट्टी घेतली, दांड्यावर वेढे दिले, फुंकून पाहिलं, आणखी वेढा दिला. आठवून पाहिलं तर कडा कात्रीने किती नीट कापल्या होत्या. घसरता पट्टा धरायला कुणी इतकं नीट कापत नाही. ते मला तेव्हाच दिसायला हवं होतं. मी मलमपट्टी समजून तुमचं गाणं सोलून टाकलं. सुधारणा नको असं तुम्ही स्पष्ट लिहिलं होतं. चूक माझी, आणि ती मोठी आहे.

आता आपल्या भांडणाची गंमत बघा. वर्षभर तुम्ही ज्या बँडची बाजू घेत होता तो मी ऐकलेलाच नाही, आणि मी ज्याला नावं ठेवत होतो तो तुम्ही ऐकलेला नाही. माझे गिरणीवाले तुम्ही ऐकलेत ते माझ्याकडे, खऱ्या वेगात. तुमच्या धावत्या लोकांपुढे ते जेवून उठल्यासारखे वाटणारच.

गप्प बसलो असतो तर जिंकलो होतो. फोनवरचं गाणं माझ्या बाजूने, लेक तुमची असून माझ्या बाजूने. पण असं जिंकून मी गिरणीवाले कुठल्या तोंडाने लावणार?

जुनी पट्टी केराबरोबर गेली. नवी मी लावून देईन, सूर मोजायच्या काट्यावर जुळवून देईन. पण एकदा न विचारता हात घातला, पुन्हा घालणार नाही. गाण्याचा खरा वेग तो, आणि तुमचा वेग हा. ठेवायचा कोणता, ते तुम्ही सांगायचं.

राग ठेवा, पण थोडाच.

आपला,
व्याही


ता. २ जुलै

श्री. व्याहीबुवांस,

स. न. वि. वि. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्यावर रागावत आणि दुसऱ्यांदा यांच्यावर. इतकी वर्षं एका घरात राहून माणसाने सांगू नये? मला वाटायचं, यांना किती छान साथ करता येते. साथ कसली, त्या बँडलाच यांनी आपल्या मागून चालायला लावलं होतं. मग एकटीच हसत बसले. यांच्याकडून नवी गोष्ट कळायची म्हणजे आता राहिलंच होतं काय, असं मी धरून चालले होते.

लगेच उत्तर दिलं नाही, कारण खऱ्या वेगाचं गाणं चार-पाच दिवस ऐकायचं ठरवलं. न ऐकता नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही, ते काम तुमचं. ऐकलं. तो गाणारा दमलेला भला माणूस आहे. वाईट नाही. पण आमच्याकडे कधी आलेला नाही.

आमच्या दुकानात गिऱ्हाईक येतं, नंबर अगदी बरोबर काढलेला असतो, आणि तरी चष्मा बोचतो म्हणून परत येतं. मी त्याला नंबरचा कागद दाखवत नाही, काडी वाकवून त्याच्या कानावर बसवते. तसंच हे. कपाटात यांच्या दुकानातली चिकटपट्टी होती. झाकण काढलं, दांड्यावर मीच गुंडाळली. पहिल्यांदा जास्त झाली, कंदीलवाले उंदरासारखे चिरकायला लागले. सोलली, पुन्हा लावली. माउथ ऑर्गन तोंडात, कात्री हातात, गुडघ्यावर यंत्राचं झाकण. शेजारीण काहीतरी मागायला आली आणि न मागताच गेली. मंगळवारी सूर सुराला लागला. माझा मलाच लागला.

काटा नको, तुमचे कान घेऊन रविवारी या. मुलांनाही आणा. लेकीला आता लपवायचं नाही.

येणं कराच, आणि येताना मत घरी ठेवून या.

आपली,
विहीण


ता. ८ जुलै

श्रीमती विहीणबाईंस,

सा. न. वि. वि. रविवारी तुमच्याकडून मी घाईने निघालो, म्हणून चिरंजीवांना वाटलं मला बरं नाही. बोलायचं होतं ते लिहितो.

ऐकलं. कंदीलवाले पुलावर आले तेच पळत, आणि मी चहाचा कप खाली ठेवला. तुम्ही फुंकायला लागलात तेव्हा सूनबाई हातात ओलं ताट धरून दारात उभी राहिली आणि गाणं संपेपर्यंत ते पुसायचं विसरली. आमच्या घरात आल्यापासून असं प्रथमच घडलं. दुसऱ्या कडव्यात तुमचा दम सुटला. गाणं काही तुमच्यासाठी थांबलं नाही. तुम्ही श्वास घेतलात आणि पुढच्या वळणावर त्यांना गाठलंत. मी आयुष्यभर पेट्यांतून आवाज नीट काढायची विद्या केली, पण वाजवणारे चार आणि खोलीतला माणूस एका वेगाने धावताना मी पहिल्यांदा ऐकले. त्यात सहावेही होते, आमचे व्याही. तुम्ही जागा सापडते म्हणता ना, ती मला ऐकू आली.

तेव्हा निकाल लिहून देतो. जगातला सर्वांत थोर बँड कंदीलवाले, पण तुमच्या घरातले. माझ्याकडे आहेत ते दुसरेच कुणीतरी आहेत. गिरणीवाले दुसऱ्या नंबरावर. हे मी हरलो म्हणून लिहीत नाही, ऐकलं म्हणून लिहितो. फक्त माझे चौघे त्या यंत्रावर पुन्हा लावू नका. परवा तुम्ही मुद्दाम लावलेत, तेव्हा गाडी सुटल्यासारखे पळत होते बिचारे.

तिसरं कडवं बसलं की कळवा. त्यात शेवटी एक लांब सूर आहे, तिथे घाई करू नका. घरी कुणी नसेल त्या संध्याकाळी आधी एकटीने वाजवा. आम्ही त्यानंतर येऊ.

लोभ आहेच. वाढला तर आमची तक्रार नाही.

आपला,
व्याही