अंगचोर

आई, संक्रांतीच्या सुमारास आपल्या मस्तगडच्या घरात तो शब्द मी पुन्हा ऐकला. तुझ्या धाकट्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मला म्हणाली, "काई झालेलं न्हाई तिला, ताई. अंगचोर हाय नुसती." ती बोलत होती तिच्या सुनेबद्दल. सून आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती, चार महिन्यांचं बाळ पाळण्यात रडत होतं आणि ती मान वळवत नव्हती. मी निवृत्त बाई, सारा जन्म रक्ताच्या नळ्या हाताळण्यात गेला, कधी एक थेंब सांडला नाही. पण त्या शब्दानं माझ्या हातातला चहा बशीत सांडला. रागानं. मी अजून तशीच आहे, तिखट तोंडाची. सिस्टरांच्या कॉन्व्हेंट शाळेनं मला इंग्रजी शिकवलं, नम्रता शिकवायची राहून गेली.

तो शब्द मी पहिल्यांदा त्याच दारात ऐकला होता. मी चौथीत होते. श्रावणात तुला टायफॉईड झाला, ताप उतरला, डॉक्टर म्हणाले बरी झाली, आणि तू काही उठेनास. मी शाळेतून येते तर तू चुलीजवळ बसलेली, पुढे परातीत गवार, हातात एक शेंग. टोकं मोडलेली नाहीत. आत्या दारातून सांगते, "सकाळपासून बसून राह्यली तुझी माय. एक शेंग मोडली न्हाई. अंगचोर!" त्याच दिवशी मॉरल सायन्सच्या तासाला सिस्टरांनी सात मोठी पापं सांगितली होती. मी दप्तरही न उतरवता तुझ्यापुढे उभी राहिले आणि 'स्लॉथ' हा शब्द आधी इंग्रजीत म्हटला, मग तुला कळावा म्हणून मराठीत: "आई, आळस हे पाप आहे." तू रागावली नाहीस. शेंग परातीत ठेवलीस आणि म्हणालीस, "मी अंग चोरत न्हाई गं बाई. अंगच मला चोरून राह्यलं." मी हसले. मला ते व्याकरण चुकीचं वाटलं. पुढच्या आठवड्यात तुला हवापालटाला म्हणून आष्टीला, तुझ्या माहेरी, पाठवलं. आठ महिन्यांनी तू परत आलीस, कामाला लागलीस, आणि तिथे काय झालं हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी एम.एस्सी.ला असताना तू गेलीस, तोवरही नाही.

पुढे मी जीवरसायनशास्त्रात जे केलं ते तुझं ते वाक्य तपासण्यासाठीच, असं म्हटलं तर कुणी भाषणबाजी म्हणेल. म्हणू दे. तुला तुझ्याच गवारीवरून सांगते. आपल्या रक्तातून प्रथिनांच्या बारीक साखळ्या फिरत असतात. कुणी भुकेचा निरोप नेते, कुणी दुखण्याचा. काम झालं की त्या तोडाव्या लागतात. तोडणाऱ्या विकरांना, म्हणजे एन्झाइम्सना, पेप्टिडेझ म्हणतात. मी ज्याच्यामागे लागले ते फार चोखंदळ आहे: साखळीच्या एकाच टोकाचे दोनच मणी मोडतं, तेही दुसरा मणी ठरावीक प्रकारचा असला तर. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या अंगावरही तेच बसलेलं असतं. आणि खोल उदासीच्या आजारात ते रक्तात कमी काम करताना दिसतं. माझ्याआधी इतरांना दिसलं, मग मलाही. उदासीनं ते मंदावतं की शरीर आतल्या आत कसल्याशा लढाईत गुंतल्यानं दोन्ही घडतं, हे मी ठाम सांगू शकत नाही. तुझ्या टायफॉईडनंच तुला तसं केलं, हेही नाही. पण आजारी माणसाच्या अंगात खरंच काहीतरी कमी पडत असतं, ते नळीत दिसतं, आणि त्याला आळस म्हणणारा अडाणी असतो, एवढं मी छातीठोकपणे सांगते. एकदा आमचं काम बघायला आलेल्या समितीतले एक गृहस्थ हसत म्हणाले, "मॅडम, बायकांचा आळस मोजायला एवढं मोठं यंत्र?" मी म्हटलं, "पुरुषांचा मोजायचा होता सर, पण त्याला पुरेल एवढं यंत्र कुठे मिळालं नाही." आमचा निधी त्या वर्षी उशिरा आला. मला पश्चात्ताप नाही.

पश्चात्ताप दुसऱ्याच गोष्टीचा आहे. आमच्या कामात आजारी माणसांच्या रक्ताशेजारी निरोगी माणसांचं रक्त ठेवावं लागतं, तुलनेला. निरोगी माणसं आणायची कुठून? प्रयोगशाळेतलीच माणसं बाही वर करतात. मीही केली. विकरानं साखळीचं टोक मोडलं की नळीतलं पाणी पिवळं होतं, जितकं काम जास्त तितकं गडद. त्या दिवशी निरोग्यांच्या रांगेत सगळ्या नळ्या हळदीच्या पाण्यासारख्या, आणि एक फिकट. चिठ्ठीवर माझं नाव. एका नळीवरून कुणाचं काही ठरत नाही, हे मी विद्यार्थ्यांना घसा कोरडा करून शिकवलं आहे, आणि ते खरंच आहे. म्हणजे ती नळी तशीच ठेवून, जे दिसलं ते लिहून पुढे जायचं. मी वहीत लिहिलं, 'नमुना खराब', आणि नळी ओतून दिली. नमुना खराब नव्हता. त्या वर्षी मी रोज कामावर जात होते, वेळेत परतत होते, आणि रविवारी दुपारी तीन तीन तास एका भिंतीकडे बघत बसत होते. पण मी अंगचोर कशी असेन? मी तर शास्त्रज्ञ.

तर धाकट्याची बायको दारात उभी. "तिच्या वडलांला बोलावलंय," ती म्हणाली. "घेऊन जातील. बरी झाली की आणू."

"आणि बरी कशानं होणार? हवेनं?"

"माहेरची हवा लागली की होतात बऱ्या."

"आमच्या आईला आष्टीची हवा आठ महिने लागत होती. तू तेव्हा या घरात नव्हतीस. मी होते."

वडील आले. जांब समर्थच्या बाजूचे शेतकरी, टोपी हातात, दारातूनच म्हणाले, "लेकीचं काई चुकलं का?" मी म्हटलं, "चुकलं असेल तर आमचं. आधी चहा घ्या. लेक खुशाल न्या, पण दवाखान्यातून न्या." धाकट्याची बायको कुजबुजली, "वेड्याच्या डॉक्टरकडं? गावभर होईल, ताई." "होऊ दे. या गल्लीत लपतं काय? निदान एकदा खरी बातमी तरी फिरेल." वडील बशीतला चहा फुंकत बसले होते. बशीकडेच बघत म्हणाले, "हिच्या धाकट्या भावाच्या टायमाला हिची मायबी अशीच झाल्ती. आम्ही अंगारे केले, दवाखाना बिलकुल न्हाई केला." मग कप ठेवून उठले. "चला, जल्दी चला."

डॉक्टरीणबाई माझ्या विद्यार्थ्यांच्या विद्यार्थिनी शोभतील एवढ्या लहान. त्यांनी शांतपणे विचारलं: झोप लागते का, जेवण जातं का, मरावंसं वाटतं का, कधीपासून असं होतंय. पहिल्या दोन्हींना पोरीनं नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, "मरावं असं न्हाई वाटत. पण असावं असंबी न्हाई वाटून राह्यलं." तिच्या वडलांनी टोपी तोंडाला लावली. डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावलं की बाळंतपणानंतर असा आजार होतो, तो बरा होतो, बाळाला पाजताना चालेल असं औषध आहे. मी मागच्या खुर्चीत बसून त्यांच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मनात देत होते. नाही. नाही. कळत नाही. खूप वर्षं.

ती माहेरी गेली नाही. आपणच म्हणाली, "इथंच राहते." आता उन्हं तापायला लागली आहेत. बाळ उपडं वळतं. आज सकाळी सासू-सून परातीत गवार घेऊन बसल्या होत्या. सासू म्हणते, "हिची शीर तशीच राह्यली बघ." सून म्हणते, "राहू द्या की. दातात अडकली म्हणजे माझी आठवण येईल." सासू हसली, आई. खरंच हसली. परवा तर ऊन खात पडलेल्या मांजराला 'अंगचोर' म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून मिटलं. मांजराला म्हणू दिलं असतं मी.

परातीजवळ बसून मीही चार शेंगा मोडल्या. तुझं वाक्य मी आता व्याकरणाच्या वहीतून सोडवून घेतलं आहे. ते बराबर होतं. तुला हे सांगायला साठ वर्षं लागली. हा कागद टाकायला पेटी नाही, म्हणून त्या जुन्या प्रयोगवहीत घालून ठेवते, 'नमुना खराब' लिहिलंय त्या पानात.

आणखी एक. त्या दिवशी दवाखान्यात पोरीला वडलांबरोबर बाहेर पाठवलं आणि तिच्या खुर्चीत मी बसले. माझ्याही नावाचा कागद निघाला. रोज सकाळी एक गोळी घेते. गेल्या आठवड्यात कितीतरी वर्षांनी चहाला चव लागली. पोरीनं माझी गोळ्यांची पट्टी पाहिली आहे, तिच्याचसारखी आहे. ती सकाळी एकाऐवजी दोन पेले पाणी आणून ठेवते. पण बाकीच्या घरात, आई, एवढी तोंडाळ मी, गोळी ब्लडप्रेशरची आहे असं सांगितलंय.