चालत्या बसचा बदललेला रस्ता

४ नोव्हेंबर, सोमवार

शाळासमूहाचं वार्तापत्र आलं. गुळगुळीत कागद आणि पानोपानी 'आनंदाने कळवण्यात येते'. इतक्या आनंदाने कळवतात तेव्हा काहीतरी लपवलेलं असतं, हा आपला अनुभव. यंदाचे छंदवर्ग : बुद्धिबळ, मातीकाम आणि 'नेतृत्वविकास'. तोही तिसरीतल्या पोरांचा! आमची लेक – घरात वकीलबाई, वय वर्षं आठ – आधीच सगळ्यांवर नेतृत्व करते, म्हणून तिला मातीकामाला घातलं.

शिवाय विद्यार्थी-सुरक्षेचा नवा उपक्रम : 'चालती बस'. म्हणजे बस नाहीच. एक लांब दोर, त्याला गाठी, एकेका गाठीला एकेक पोर. पुढे एक पालक ड्रायव्हर, मागे एक पालक कंडक्टर, आणि ही वरात पायी शाळेपर्यंत. मी घरी बसून विनोदी सदर लिहितो, म्हणजे लोकांच्या मते रिकामाच. झालो कंडक्टर. ड्रायव्हर आहे दातांचा डॉक्टर. सकाळी सकाळी इतके दात दाखवून हसणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

चमत्कारिक प्रकार! ठरलेला रस्ता वाचनालयामागच्या गल्लीतून. झाडं, बाकं, वाहनांचं नाव नाही. आज गल्लीच्या तोंडाशी डॉक्टर एकदम थबकला. हात वर. "बस फिरवा रे! मोठ्या रस्त्याने जायचं." मी शेपटाला. वीस दप्तरांपलीकडचं मला काय दिसणार? पुढे जाऊन विचारलं, काय झालं? "काही नाही हो, फरशा उखडल्यात." हसला. पण दात नेहमीपेक्षा कमी दिसले.

७ नोव्हेंबर, गुरुवार

आजही मोठ्या रस्त्याने. म्हणे फरशा!

१० नोव्हेंबर, रविवार

वकीलबाईंना घेऊन वाचनालयात गेलो, मुद्दाम मागच्या गल्लीने. एक फरशी हलत असेल तर शपथ! वकीलबाईंनी प्रत्येकीवर उडी मारून पुरावा गोळा केला. "बाबा, डॉक्टरकाका खोटं बोलले?" म्हटलं, तपास चालू आहे.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. वर न बघता म्हणाली, "जाऊ दे ना रे. तुला प्रत्येक गोष्टीत कसला वास येतो?" नाक आहे, वास येणारच. तिचं नाक मात्र उन्हाने लाल झालंय. एसी ऑफिसात? "खिडकीजवळ बसते हल्ली."

१२ नोव्हेंबर, मंगळवार

सापडलं!! मोठ्या रस्त्याचं वळण घेतलं की समोर डॉक्टरचा नवा दवाखाना. इतके दिवस पोरं मोजण्यात मान वर केली नव्हती. पाटीवर माणसाएवढी दाढ. तिला डोळे आहेत, आणि ती हसते. रोज सकाळी वस्तीतले सगळे दुधाचे दात दोराला धरून तिच्यासमोरून चालत जातात, आणि मागून मी, माझ्या दोन भरलेल्या दाढांसह. वा रे सुरक्षा! ही चालती बस नाही, चालती जाहिरात आहे.

वकीलबाई झोपताना म्हणाल्या, "बाबा, ती दाढ मला बघते." जाहिरात पोचली.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

मोठा रस्ता ओलांडताना पहिलीतल्या एका टिल्लूने त्या दाढेकडे बघत गाठ सोडली आणि दोन पावलं बाजूला गेला. स्कूटरवाल्याने करकचून ब्रेक लावला म्हणून वाचला. स्कूटरवाला आम्हाला शिव्या घालून गेला, आणि एकही शिवी चुकीची नव्हती.

शाळेच्या फाटकाशी डॉक्टरला गाठलं. "पाटीसाठी पोरं मारणार का?"

त्याचा चेहरा चुन्यासारखा. "पाटीचं काही नाही हो. मी मुख्याध्यापिकाबाईंकडे रस्त्यावर उभा राहायला माणूस मागितलाय."

"मग गल्लीने का नाही?"

"ते मला सांगता येणार नाही." मग थांबून, "तुम्हाला तर नाहीच."

तुम्हाला तर नाहीच! म्हणजे काय?

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

टिल्लूचं काल घरी सांगितलं तेव्हा बायकोने तीनतीनदा विचारलं, त्याला लागलं नाही ना? आज सकाळी चपला घालता घालता म्हणाली, "तक्रार नको करूस हं. डॉक्टर चांगला माणूस आहे."

"तुला काय ठाऊक?"

"दिसतो ना."

कुठे दिसतो? हिचे दात ठणठणीत. आयुष्यात कधी दाढ धरून बसलेली आठवत नाही. मग ओळख कुठली? आणि आता आठवतंय – हिचा साहेब, टकल्या, त्याचं नाव हल्ली घरात निघत नाही. पूर्वी त्याच्या निंदेशिवाय हिला रात्रीचं जेवण जिरत नसे. कॅन्टीन सोडून डबा नेते, म्हणे तिथलं तेल बाधतं. घरातून निघते मात्र पूर्वीपेक्षा लवकर. नवी साडी नाही, अत्तर नाही, आरशासमोर रेंगाळणं नाही. एवढाच दिलासा.

छे! असलं काहीतरी लिहितोय मी. पान फाडावं का? राहू दे.

१८ नोव्हेंबर, सोमवार

तक्रार लिहिली. चार ओळी लिहायच्या होत्या, सदराची सवय, चार पानं झाली. मथळा 'दंतकथा'. स्वतःच्याच विनोदावर हसलो. मग टिल्लू आठवला आणि मथळा खोडला. बाकी सगळं तसंच ठेवलं. पोराचा जीव जाता जाता वाचलाय. इथे कोणाची भीड धरायची?

बायकोला सांगितलं नाही. पुन्हा 'जाऊ दे ना' कोण ऐकणार!

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

शाळा सुटल्यावर मुख्याध्यापिकांच्या खोलीत बैठक. बाई, डॉक्टर, मी. बाईंनी सरळच विचारलं, "डॉक्टर, रस्ता का बदललात?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही. सत्य माझ्या बाजूला होतं ना!

"चूक झाली माझी," म्हणाला. "पोराला धोका झाला हे खरंच आहे. मी सोडतो."

बस्स, एवढंच. मी तीन मुद्दे तयार करून गेलो होतो, एकही लागला नाही. सोमवारपासून ड्रायव्हर मी. रस्ता गल्लीचा. कंडक्टर मिळेपर्यंत शेपूट मोकळं, पण गल्लीत वाहन नाही, तेव्हा बाईंनी चालेल म्हटलं.

बाहेर व्हरांड्यात डॉक्टरने माझी बाही धरली. "सोमवारी नको. मंगळवारपासून न्या गल्लीने. मला एक दिवस द्या."

"कशाला?"

"द्या हो. हात जोडतो."

एक दिवस कोण मागतं ते मला ठाऊक आहे. ज्याला झाडलोट करायची असते तो! नाही दिला.

२४ नोव्हेंबर, रविवार

दुपारी दारात डॉक्टर! "वहिनी आहेत का?"

वहिनी!! माझ्याकडे काम नाही, वहिनींकडे आहे! ही आत न्हाणीघरात होती, नळाचा आवाज येत होता. मी म्हटलं, बाहेर गेलीय. "निरोप द्याल? उद्याच्या रस्त्याचं त्यांना..." मी म्हटलं, देतो. आणि दार लावलं.

नाही दिला. रात्री जेवताना तिच्याकडे बघत होतो. "काय बघतोस?" म्हणाली. "काही नाही." पोळी तिने अर्धीच खाल्ली.

उद्या गल्लीत काय आहे ते बघूच.

२५ नोव्हेंबर, सोमवार

आज दोराच्या पुढच्या टोकाला मी. गल्लीत शिरलो. वाचनालय उघडायचं होतं. मागच्या बंद दारासमोरच्या बाकावर एक बाई, शेजारी ऑफिसची पिशवी, मांडीवर डबा, डब्यावर पसरलेला पेपर. नोकऱ्यांच्या जाहिरातींचं पान. हातात पेन.

तिने मान वर केली.

"आई!" वकीलबाईंनी गाठ मात्र सोडली नाही, नियम म्हणजे नियम. "आई, तुझं ऑफिस इथे आहे?"

बायको उठली. माझ्याकडे पाहिलं नाही. पेपर घडी करून डब्यासकट पिशवीत टाकला. "जवळच आहे बाळा," म्हणाली. मग सगळ्या पोरांना ओलांडून मागे गेली आणि दोराचं मोकळं शेपूट हातात घेतलं.

"चला, पुढे सरका!"

मी चालू लागलो. शाळेपर्यंत एकदाही मागे बघितलं नाही.