दुकानाचं नाव विकणे आहे

ता. ३ फेब्रुवारी

चि. बाळ्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. साठी उलटली तरी मी तुला बाळ्याच म्हणणार, तेव्हा नाक मुरडू नकोस. दोन महिन्यांत तुझं पत्र नाही. फोनवर मला धड ऐकू येत नाही, आणि तुला लिहायचा कंटाळा. म्हणजे आपलं भावाबहिणीचं नातं सगळं पोस्टमनच्या भरवशावर.

इकडे यांची तब्येत फार उतरली आहे. छातीतलं पाणी काढलं, ते पुन्हा भरलं. परवा डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर नेऊन कागदावर लिहून दिलं, फार तर महिना. आत आल्यावर यांनी विचारलं काय लिहिलंय, तर मी सांगितलं गोळ्यांच्या वेळा. चाळीस वर्षांत मी यांच्याशी पहिल्यांदा खोटं बोलले आणि तेही यांना लगेच कळलं.

आता कामाचं. भोंग्या घर सोडून गेला त्याला आठ वर्षं झाली. यांच्या दुकानात आलेल्या एका म्हाताऱ्या शिक्षिकेच्या गळ्यात त्यानं नको असलेलं महागडं कानाचं मशीन मारलं, आणि यांनी पोटच्या पोराला गिऱ्हाइकांसमोर हाकललं, पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणाले. तो गेला तो थेट परदेशात. दोघेही एका मुशीतले, कोणी कोणाला ओळ लिहिली नाही. पण त्यानं करून दिलेल्या दुकानाच्या वेबसाइटवर हे दर सोमवारी चार ओळी लिहायचे. या आठवड्यात कोणतं मशीन दुरुस्तीला आलं, त्यात काय अडकलं होतं, असलं काहीबाही. मला वाटायचं गिऱ्हाइकांसाठी. परवा स्वतःच म्हणाले की ते त्या गाढवासाठी होतं, तो कुठे का असेना, वाचत असणार.

दोन वर्षांपूर्वी यांचे हात कापायला लागले, दुकान बंद केलं, वरची राहती जागा सोडून लाँड्रीच्या मागच्या या दोन खोल्यांत आलो. तेव्हापासून लिहिणं थांबलं. आता यांना तिथे एकच ओळ हवी आहे, भोंग्या ये, आणि खाली इथला पत्ता. शेजारणीनं तिच्या फोनवर ती वेबसाइट उघडून दाखवली तर सगळ्या स्वस्त मशीनच्या जाहिराती. भोंग्या गेल्यापासून त्या वेबसाइटचं सगळं तूच बघतोस. तेव्हा काय बिघडलंय बघ आणि आमची ओळ घाल. हे रोज सकाळी डोळे उघडले की विचारतात, ओळ गेली का.

स्वतःला जप. उत्तर लगेच टाक, माझा जीव टांगणीला आहे.

तुझी,
ताई

ता. ७ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. भाऊजींचं वाचून फार वाईट वाटलं. तू मात्र हात-पाय गाळू नकोस, घरात तूच एक खंबीर आहेस.

वेबसाइट बिघडलेली नाही, ती कमावते आहे. मी घरबसल्या काय उद्योग करतो असं तू नेहमी विचारतेस, आज सांगतो. वेबसाइटचं नाव, ज्याला आम्ही डोमेन म्हणतो, ते म्हणजे दुकानावरची पाटी. दुकान मोडलं तरी सवयीची माणसं पाटी शोधत येतच राहतात. असली नावं मी स्वस्तात उचलतो, आत जाहिराती लावतो आणि नुसती उभी करून ठेवतो. आलेल्यानं जाहिरातीवर बोट टेकवलं की मला चार पैसे. माझ्याकडे तीनशे बारा नावं आहेत. एक बंद पडलेली बालवाडी आहे, तिथे अजून आया प्रवेशाची चौकशी करत येतात. एक बुडालेलं हॉटेल आहे. कोणाला एखादं नाव हवंच असलं तर भाव सांगायचा. तू म्हणशील, आयत्या बिळावर नागोबा. म्हण, पण नागोबाचं बरं चाललंय.

तुमच्या दुकानाचं नाव भोंग्या गेल्यावर सोयीसाठी मी माझ्याच नावावर करून घेतलं. दुकान बंद झाल्यावर म्हटलं वाया कशाला घालवा. कानाच्या मशीनच्या जाहिरातींना फार चांगला दर आहे, भाऊजींना सांगू नकोस एवढंच.

ओळ मात्र घालता येणार नाही, जाहिरात कंपनी घरगुती मजकूर चालवून घेत नाही. शिवाय सध्या त्या नावाला एक गिऱ्हाईक लागलंय, परदेशातलं. खासगी कारण आहे म्हणतो. खासगी कारण म्हटलं की आमच्याकडे भाव दुप्पट, गरजवंताला अक्कल नसते. अशा वेळी तिथे काही हललेलं दिसलं तर सौदा फिसकटेल. विकलं गेलं की अर्धे पैसे तुला, औषधपाण्याला. मी काही परका नाही.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
बाळ्या

ता. ११ फेब्रुवारी

चि. बाळ्यास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र उभ्या उभ्या वाचलं आणि लगेच लिहायला बसले.

बाळ्या, तो भोंग्या आहे. एका बंद पडलेल्या, कानाची मशीनं दुरुस्त करणाऱ्या दुकानाचं नाव परदेशात बसून दुसरं कोण विकत घेईल? त्यानं जुन्या पत्त्यावर पत्र टाकलं असेल तर ते परत गेलं असणार. तिथे आता टायरवाला आहे, तो कोणाचं काही ठेवून घेत नाही. तुझाही पत्ता त्याच्याकडे नाही. त्याला आमच्यापर्यंत यायला ते नाव सोडून वाट कुठली?

तो जन्मला तेव्हा त्याचं रडणं मला मशीन न लावता ऐकू आलं होतं. सगळे हसले आणि त्याचं नाव भोंगा पडलं. आई म्हणून माझी खात्री आहे, हा तोच. त्याचं नाव विचार. नाहीतर त्याला फक्त आमचा पत्ता कळव, पुढचं तो बघेल. यांना मी अजून काही सांगितलं नाही. उगाच आशा लावायची आणि चुकलं तर मी कुठे तोंड लपवू?

एका ओळीत उत्तर दे, पान भरवत बसू नकोस.

तुझी,
ताई

ता. १४ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं मन मी समजू शकतो. पण ताई, तू मनात मांडे खाते आहेस. मध्ये दलाल आहे. समोरचा कोण, कुठला, हे सौदा पुरा होईपर्यंत मलाही कळत नाही. आणि आपण होऊन काही विचारायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. गिऱ्हाइकाला आठ दिवस तसंच लोंबकळत ठेवलं की ते आपणच वर चढतं. गेल्या आठवड्यात त्याचे तीन निरोप आले, मी एकालाही उत्तर दिलेलं नाही.

घोड्यानं गवताशी दोस्ती केली तर खायचं काय? तरी तू माझी सख्खी बहीण. तुला ती ओळ एवढीच हवी असेल तर तूच घे नाव. मग एक ओळ घाल नाहीतर शंभर घाल, नाव तुझं. दहावा हिस्सा कमी करीन. डॉक्टरीणबाईंनी महिना दिलाय, म्हणजे अजून तसा वेळ आहे.

माझ्या गुडघ्यांचं तू विचारलं नाहीस, ते फार दुखतात.

आपला लोभ आहेच,
बाळ्या

ता. १८ फेब्रुवारी

चि. बाळ्यास,

आशीर्वाद. तू गमतीनं लिहिलंस की खरं, याचा मी दोन दिवस विचार केला. खरं धरून चालते.

मी नाव घेते. माझ्या पासबुकात आहेत ते सगळे. आकडा वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आत ठेवला आहे, कमी वाटला तर हसू नकोस. बहीण म्हणून नको, गिऱ्हाईक म्हणून धर, पण लवकर कर. हे आता दिवसातून चार-पाच वाक्यं बोलतात. तीन दिवसांमागे विचारलं, आज सोमवार आहे का? होता. मला कागद-पेन्सिल आणायला लावली आणि चार ओळी सांगितल्या. कुठलंसं जुनं मशीन, त्यात मुंगी शिरली होती, आणि ती जिवंत बाहेर निघाली. म्हणाले, हे तिकडे चढव. मी हो म्हटलं आणि कागद उशीखाली ठेवला.

पत्राची वाट बघते आहे,
ताई

ता. २१ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझ्या पायगुणाला तोड नाही! तुझा आकडा आला तो अगदी नेमक्या वेळी. मी दलालाकरवी पलीकडे कळवलं की दुसरं गिऱ्हाईक उभं राहिलं आहे आणि ते रोख द्यायला तयार आहे. दोन तासांत त्यानं दीडपट केले. दोन वर्षं नुसतं पडून असलेलं नाव, आणि आता लग्नाच्या मुलासारखे भाव.

पण आता तुझा आकडा मागे पडला. मी तुला सांगू नये, पण सांगतो. थोडं वाढवलंस तर विचार करता येईल. नाही जमलं तर राहू दे, अर्धे तुलाच येणार आहेत, चित भी आपली आणि पट भी. भाऊजींना सांग, त्यांच्या दुकानाचं नाव अजून बाजारात खणखणतंय.

लोभ राहावा,
बाळ्या

ता. २४ फेब्रुवारी

चि. बाळ्यास,

आशीर्वाद. वाढवते. यांची दुरुस्तीची बाकं, भिंग, कानाचे साचे घासायची मोटर, सगळं एकदम देऊन टाकलं. घेणाऱ्यानं बाकाच्या खणातले स्क्रूसुद्धा मोजले. माझ्या दोन बांगड्या गेल्या. यांनी माझ्यासाठी केलेलं उजव्या कानाचं मशीनही दिलं, ते चांगलं होतं म्हणून त्याचे बरे आले. डाव्यावर भागतं. हे पुटपुटतात ते आता कळत नाही, ओठ बघून घेते.

नवा आकडा चिठ्ठीवर आहे. याच्यावर माझ्याकडे आता काही नाही. बाळ्या, मी कधी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही. लहानपणी तुझ्या वाटणीचा मार मी खाल्ला तेही कधी बोलून दाखवलं नाही, आज दाखवते आहे. त्या माणसाला नको, मला दे. यांना ती ओळ डोळ्यांनी बघू दे.

तुझी,
ताई

ता. २७ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. बसली आहेस ना? नाव विकलं गेलं. तुझा दुसरा आकडा पलीकडे कळवला, तर तो दिवसभर गप्प होता. मला वाटलं गेलं हातचं. आणि संध्याकाळी त्यानं तुझ्यावर चढवून एकरकमी भरले. तुझे बाक-बांगड्यांचे पैसे तुझ्याकडेच राहिले, वर अर्धा हिस्सा मी आज तुझ्या खात्यावर टाकला. सांग, कुठला भाऊ असं करतो?

आणखी एक. दुकानदाराचा ठावठिकाणा नावासोबत मिळेल असं मी त्याला पहिल्यापासून सांगून ठेवलं होतं, त्याला नावापेक्षा तेच हवं होतं. शब्दाला जागलो, तुमचा पत्ता कळवला. तेव्हा तुझा भोंग्या असला तर येईलच आता दारात. महिन्यातले अजून चार-पाच दिवस उरले आहेत. मी उगाच घाई केली नाही ती हिशेबानंच.

भाऊजींना सा. न. गुडघे तसेच आहेत.

तुमचा लोभ हीच कमाई,
बाळ्या

ता. १२ मार्च

चि. बाळ्यास,

आशीर्वाद, रीत म्हणून.

हे गुरुवारी, चार तारखेला गेले. भोंग्या रविवारी, सात तारखेला आला.

तो दारात उभा राहिला तेव्हा हसत होता. हातात एक कागद होता, दुकानाचं नाव आता आपलं झालं असा. बाबांना दाखवायला आणला होता. मी बाजूला झाले आणि त्यानं रिकामी खाट बघितली. मग तो रडला असेल, खांदे हलत होते. मला ऐकू आलं नाही.

दोन दिवसांनी त्यानं सगळा पत्रव्यवहार मला वाचायला दिला. पहिल्याच निरोपाखाली त्याचं पूर्ण नाव आहे, बापाच्या नावासकट. मी अमक्याचा मुलगा, मला नाव नको, फक्त आईवडील कुठे आहेत ते कळवा, असं लिहिलं आहे. ते वीस जानेवारीचं आहे. म्हणजे मी तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा ते तुझ्यासमोर होतं. पुढे त्यानं तीनदा विचारलं आहे, वडील बरे आहेत का. तिन्ही वेळा तुझ्याकडून, तोही उशिरा, फक्त आकडा गेला. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं तू मला दलालाचं सांगत राहिलास आणि मी, तुझी मोठी बहीण, त्यावर विश्वास ठेवून बाकं विकत बसले.

तुझे अर्धे पैसे आज परत पाठवले आहेत. ते त्याच्या तिकिटाचे आहेत. पत्ता मिळाला की लगेच निघता यावं म्हणून त्यानं अठ्ठावीस तारखेचं तिकीट काढून ठेवलं होतं. शेवटचा आकडा भरायला पैसे पुरेनात, म्हणून ते रद्द केलं. बाप आजारी आहे हे त्याला कोणी कळवलं नव्हतं. त्याला वाटलं पाच तारखेला पगार होईल, मग जाऊ, आठ वर्षं गेली तिथे आठ दिवसांनी काय होतं.

त्यानं मला एकच विचारलं. ते दुसरं गिऱ्हाईक कोण होतं, एवढं काय अडलं होतं त्याचं, की दोनदा चढवलं? मी त्याला सांगितलं की ती मी. तो जागचा उठला. मग माझ्या डाव्या बाजूला येऊन बसला आणि सावकाश म्हणाला, म्हणजे मला ओठांवरून कळावं म्हणून, की आई, तू दुसऱ्यांदा चढवलं नसतंस तर मी मंगळवारी पोचलो असतो.

मंगळवारी हे शुद्धीवर होते. उशीला टेकून बसले होते, दोन चमचे पेज घेतली आणि दुपारभर दाराकडे बघत होते. हे मी त्याला सांगितलेलं नाही. कोणाला तरी सांगायला हवं म्हणून तुला लिहिलं.

कळावे.

ताई