चहाला न दिलेल्या ढेपेची वाटणी

मी, राजवीर सुमंत समुद्रे, वय एकवीस, राहणार कोल्हापूर, बी.एस्सी. दुसऱ्या वर्षात सोडलेला. गेल्या रविवारी सकाळी झुंबरआत्याने चहाला गुळाचा खडा मागितला आणि मी तिचा हात झटकून ‘हात लावायचा न्हाय’ म्हणून ओरडलो, त्या क्षणापासून मी पूर्वीचा राहिलेलो नाही. डोके ठिकाणावर आहे, कुणाची जबरदस्ती नाही. जीव द्यायचा विचारही नाही. आत्ताच दोन भाकऱ्या खाल्ल्यात. मरतोय तो या माडीवर गुळाची ढेप पुजणारा राजवीर. त्याच्यामागे काय कुणाला, ते लिहून ठेवतो.

ढेपेचे आधी सांगतो. आमच्या चर्चमध्ये कापणीच्या सणाला ज्याच्या रानात जे पिकले ते तो देवापुढे आणून ठेवतो. उपासना झाली की आवारात त्याचा लिलाव. घेणाऱ्याने ते घरी न्यायचे, खायचे, शेजारी वाटायचे. ही लहानशी ढेप आमच्याच चर्चमधल्या क्रांतीने आणली होती, जिच्यावर माझा जीव, त्यांच्या गुऱ्हाळातली, दोन्ही हातांनी पोटाशी धरून. मी बोली सोडली नाही. घरी आणली आणि कपाटावर पांढऱ्या कापडावर ठेवली. सरांशी भांडून कॉलेज आधीच सोडले होते. मग रविवारचे चर्चही सुटले. मी ढेपेसमोर बसून, क्रांती हो म्हणेल का, ते रोज विचारू लागलो. पाऊस लागला तशी ती पाझरली, मुंग्या आल्या. मी भोवती खडूची रेघ मारली.

ओरडलो तेव्हा आण्णा, म्हणजे माझे वडील, जिन्यात होते. वाटले, आता मार बसणार. त्यांनी नुसते विचारले, “राजू, चहात घातला तर रागावतो, असला कुठला देव हाय रे ह्यो?”

मग त्यांनी बायबलातल्या पितळी सापाचे सांगितले. देवाच्याच सांगण्यावरून मोशेने तो केला, त्याच्याकडे बघून साप चावलेली माणसे वाचली. पुढे लोक त्यालाच धूप जाळू लागले. शेवटी हिज्कीया राजाने तो फोडला आणि लोकांना परत देवाकडे वळवले. आठवडाभर मी हेच वाचतोय. फोडल्यावर त्या पितळेचे काय झाले? कुणी तुकडा लपवून घरी नेला असेल का? मी नेला असता.

आता वाटणी.

गिटार चर्चच्या तरुण संघाला. एक तार तुटकी आहे, ती अमरसिंहने बसवावी. हाच तो, लिलावात मी लाल होतोय बघून मुद्दाम बोली चढवणारा. त्याच्यावरचा राग कुणाला देण्यासारखा नाही. निम्मा सोडला. उरलेला माझ्याकडे राहू दे, सवय आहे.

बचत नाही. ढेपेत गेली.

खोली आत्याला देत होतो. ती म्हणाली, “गुडघं दुखत्यात, माडी काय करू? माझा खडा दे.” म्हणून पहिला खडा तिचा. खोली आण्णांची.

क्रांतीला काही नाही. आपली पूजा चाललीय हे त्या पोरीला कुणी सांगितलेही नव्हते. माझा मित्र जिनेंद्र म्हणतो, “ढेपंला रोज इचारतोस, तिला एकदा तरी इचारलंस का?” नाही विचारले. ढेप नाही म्हणत नाही. तोंड असून न बोलणाऱ्या मूर्तींविषयी शास्त्रात आहे. माझ्या देवाला तर तोंडही नव्हते. सोयीचा होता.

प्रेम मात्र कुणाला देत नाही. ते कुठे संपते आणि पूजा कुठे सुरू होते, हे अजून कळलेले नाही. आज तिला माणसासारखे विचारणार. नाही म्हणाली, तरी पुढच्या रविवारी मी चर्चला येणार. हे लिहून देतो, कारण याचीच मला खात्री नव्हती.

ढेप आज आवारात फोडायची, उपासनेनंतरच्या चहात सगळ्यांना.

साक्षीदार:
झुंबरबाई, आत्या (सही केली, खडा अजून मिळाला न्हाय)
जिनेंद्र चौगुले, मित्र

सही: राजवीर सुमंत समुद्रे
कोल्हापूर, रविवार, १३ जुलै २०२५

चर्चची घंटा झाली. ढेप काखेत, हातोडी पिशवीत. पितळेचे काय झाले ते कुणी लिहिले नाही. गुळाचे मी लिहून ठेवलेय. निघालो. दार ओढून घेतो.