निर्माल्याचा वास

भुकूम,
९ मे २००७

चि. अमोघ यास,

आशीर्वाद. ते या पत्रातील मजकुरावर अवलंबून नाहीत.

अपूर्वाचे जुलाब थांबले आणि ती भात खाऊ लागली, हे मृण्मयीकडून कळले. येथे उकाडा आहे, पाणी एक दिवसाआड येते, माझे गुडघे आहेत तसेच आहेत. फोनवर तू माझे वाक्य पूर्ण होऊ देत नाहीस, म्हणून लिहिते.

शनिवारी ग्रामपंचायतीत रोशनबीचा गोठा हटवण्याबद्दल सुनावणी आहे. येथील घर तुझ्या नावावर, म्हणून सोसायटीचा सचिव तू; त्या नात्याने हिंजवडीहून येशील. मी तेथे गप्प राहिले तर अपूर्वाला सुट्टीत माझ्याकडे आणशील, असा तुझा निरोप सूनबाई मृण्मयीने पोहोचवला. मी गप्प राहणार नाही. कारणे देते.

मार्चमधला तुमचा सोसायटीचा अर्ज मी लिहिला. कुंपणालगत तीन म्हशी आहेत. म्हशींपाशी शेण असते. शेणात माश्या होतात. म्हणून आमच्या घरांतील माश्या याच गोठ्यातील आहेत. तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या बाईचा अर्ज म्हणून सभेत त्याचे कौतुक झाले. एखाद्या विद्यार्थ्याने हे लिहिले असते तर शेवटच्या वाक्याखाली मी लाल रेघ ओढली असती. माश्या शेणात होतात, यावरून त्या शेणातच होतात असे ठरत नाही.

हे मला रोशनबीने दाखवले. नोटीस हाती पडल्यावर ती आपल्या फाटकाशी आली आणि म्हणाली, "बाई, या की गोठ्यात. आळी कुटं हाय ती मला बी दावा." सकाळचे आठ वाजले होते, आणि सगळ्या शेणाच्या गोवऱ्या थापून उन्हात लागल्या होत्या. तिने आदल्या दिवसाची एक मोडून माझ्या हातावर ठेवली. आत काही नव्हते.

"वल्लं हाय तवर माशी येती. वाळल्यावर इचारत बी न्हाई. आंबूस वास कुटनं येतो, त्यो हुडका." आणि वर, "तुमी लई शिकलेल्या. पर नाक तर आमच्यावानीच आसंल की."

मी बाल्कनीत लोणच्याच्या चार बरण्या मांडल्या. पहिलीत वाळकी गोवरी, दुसरीत ओले शेण, तिसरीत भाजीची साले, चौथीत आपल्या आवारातल्या खड्ड्यातले निर्माल्य. तोंडांना काळे विरळ कापड बांधले, म्हणजे माशीला आतले दिसू नये, केवळ वास यावा. "आई, त्या बरण्या आधी काढ, सगळी बिल्डिंग हसतेय," असे तू फोनवर म्हणालास. मी त्या तीन दिवस जागा बदलून ठेवल्या. गोवरीवर एकही माशी टिकली नाही. ओल्या शेणावर बसल्या. ते मी लपवणार नाही. सर्वांत जास्त चौथीवर. दुपारपर्यंत तिच्या कापडावर कणीहून बारीक पांढरी अंडी दिसू लागली, आणि जेथे एकीने घातली तेथेच इतरही येऊन घालत होत्या.

वास म्हणजे गंध, आणि वास म्हणजे राहणे. हे दोन शब्द मी आयुष्यभर वेगळे मानले. माशीच्या लेखी ते एकच आहेत.

आता तो खड्डा. निर्माल्य कचऱ्याच्या गाडीत जाणार नाही, असा हट्ट धरून तो मीच करवून घेतला. फुलांवर रोज अभिषेकाचे दूध आणि उरलेले पंचामृत पडत असे. देवाचे म्हणून त्यावर कोणी माती टाकली नाही, कोणी नाकाला पदर लावला नाही; मीही नाही. परवा काठीने वरची झेंडूची फुले बाजूला केली. खाली सगळे वळवळत होते.

माझ्याकडे असली की अपूर्वा रोज माझ्या बोटाला धरून तेथे येई. फुले तीच टाकी. घरी आल्यावर मी तिच्या तळहातावर तीर्थ देत असे, आणि ती ते हात चाटूनपुसून पिई. त्याआधी मी तिचे हात धुतल्याचे मला आठवत नाही.

तिचे आजारपण यामुळेच आले, असे मी म्हणत नाही. ते मला सिद्ध करता येणार नाही. परंतु माश्या गोठ्यातूनच येतात हेही कोणी सिद्ध केले नव्हते, आणि तेवढ्यावर मी एका बाईचे दूधदुभते उठवायला निघाले होते.

मृण्मयी म्हणते, चूक मान्य करायची तर घरात करा. अर्ज चारचौघांत वाचला गेला. उत्तरही तेथेच वाचले जाईल. वॉचमन जनार्दनकडून काल मी खड्डा मातीने बुजवून घेतला. सोसायटीची परवानगी घेतलेली नाही. नोटीस पाठवायची असल्यास पत्ता तुला ठाऊक आहे.

अपूर्वाला आणणे न आणणे तुझ्या हाती आहे. आणलीस तर तीर्थाआधी तिचे हात साबणाने धुईन.

बरण्या पंचायतीत न्यायच्या आहेत. रोशनबी तीन धरायला तयार झाली. "चवथी मातुर तुमीच धरा, बाई," म्हणाली. मी धरणार आहे.

तुझी आई, आणि मार्चच्या अर्जाची लेखिका,
नलिनी